हेमलताबाईंचे एकोणीस डबे

हेमलताबाई टेंभेकर आपल्याकडे यायला निघाल्यात असं कळलं, की जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या मराठी बायका आधी स्वयंपाकघरात जाऊन फळीवरून नजर फिरवून येत. त्यांचा एखादा डबा आपल्याकडे राहून गेला असेल तर तो दडवायला वेळ मिळावा, एवढाच त्यात हेतू. हेमलताबाई येत, गुडघेदुखीची चौकशी करत, अर्धा कप चहा होईपर्यंत हवापाण्याचं बोलत आणि मग कप खाली ठेवून अगदी सहज विचारत, "माझा तो चपटा डबा तुझ्याकडेच आहे ना गं?" शेजारच्या क्षमाला तर हा प्रश्न स्वप्नातही ऐकू येतो म्हणतात.

नाही म्हणायची सोय नव्हती. प्रत्येक डब्यावर 'सौ. हे. नी. टें.' असं नाव घातलेलं होतं, आणि झाकण व बूड यांची ताटातूट होऊ शकते हे जाणून दोन्हीवर वेगवेगळं घातलेलं होतं. एकदा एका लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, हातातल्या अक्षता तशाच मुठीत धरून त्या कोठीघरात गेल्या आणि परक्या बुडावर बसलेलं आपलं झाकण सोडवून आणलं. शेवटच्या मंगलाष्टकाला त्या परत जागेवर होत्या. अक्षता त्यांनी वेळेवर टाकल्या, झाकण मात्र शेवटपर्यंत काखेत होतं.

यात चूक कोणाची म्हणाल तर कोणाचीच नाही. डबा भरून आला तर तो रिकामा परत करायचा नाही, ही आपल्या लोकांची रीत. अगदी काही नसेल तर मूठभर साखर तरी घालायची. पण हेमलताबाईंच्या डब्यातून तुपात न्हालेले लाडू आले असताना साखरेवर भागवणं बरं दिसत नाही. म्हणून ज्याच्याकडे डबा जाई तो ठरवी, की आपणही काहीतरी खास करू आणि मग देऊ. ते खास व्हायला दिवाळीची संक्रांत होई आणि संक्रांतीची होळी. तोवर डबा त्या घरात अडकलेला. एकूण डबे एकोणीस, पण यंदा दसऱ्यानंतरच्या आठवड्यात घरात उरले होते दोन. हेमलताबाईंचे यजमान नीलकंठराव डिफेन्सच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. ते म्हणत, आमच्याकडे तोफांचा पत्ता लागायचा, तुझ्या डब्यांचा लागत नाही. आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या खोक्यात पोहे भरून मुकाट्यानं सकाळच्या मित्रमंडळात जात.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी हेमलताबाईंनी स्वतः कधी सांगितली नसती. त्यांच्याच कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात, पुरणयंत्राच्या मागे, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला एक डबा होता. त्यावर नाव होतं 'बे. मु. देव'. तो त्यांच्या मोठ्या नणंदेचा, शहरातच ओमतीत राहणाऱ्या बेबीताईंचा. गेली नऊ वर्षं तो तिथे होता.

नऊ वर्षांपूर्वी हेमलताबाईंची मुलगी प्रणोती बारावी झाली, त्या दिवाळीत बेबीताईंनी त्या डब्यातून अनारसे पाठवले होते. जाळीदार, खसखस जागच्या जागी, जिभेवर ठेवताच विरघळणारे. हेमलताबाईंनी मनाशी ठरवलं, की या डब्यातून जातील तर आपल्या हातचे अनारसेच जातील, आणि ते असे जातील की बेबीताईंना दुसरा मागावासा वाटेल. अनारसे केले. ते तुपात सोडल्याबरोबर हसले, म्हणजे फुटून त्यांचा चुरा झाला. पुढच्या वर्षी परत केले, परत हसले. तिसऱ्या वर्षी एका मुंजीत बेबीताई कोणाला तरी म्हणाल्या, "डबा गेला तो गेलाच." हेमलताबाई मागेच उभ्या होत्या. त्या दिवसापासून बोलणं बंद झालं. दर भाऊबीजेला नीलकंठराव एकटेच बहिणीकडे जाऊन ओवाळून घेऊन येत, आणि घरी हेमलताबाई कढईपाशी उभ्या राहून आणखी एक घाणा हसवत.

तर अशा या बाईंची मुलगी विद्यापीठात संशोधन करत होती, आणि तेही जंतूंच्या अंगावरच्या साखरेवर. काही जंतू स्वतःभोवती साखरेच्या लांबलचक साखळ्यांचं आवरण विणतात. ते आवरण ते कसं बांधतात, हा तिचा विषय. हेमलताबाई सगळीकडे सांगत, "आमची प्रणोती साखरेवर काम करून राहिली." त्यामुळे गल्लीतले दोन मधुमेही गृहस्थ दर महिन्याला तिला आपले रिपोर्ट दाखवायला येत. प्रणोतीनं आधी समजावलं, मग ती रिपोर्ट बघून "ठीक है अंकल" म्हणायला शिकली.

दसऱ्याच्या आसपास मात्र तिचं जेवणातलं लक्ष उडालं. पोळीचा तुकडा मोडायची आणि भिंतीकडे बघत बसायची. हेमलताबाईंनी दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी समोर बसवून सगळं काढून घेतलं. प्रकार असा होता. आवरण बांधायला जंतूच्या आत कारागिरांची रांग असते, एकानं एक साखर जोडायची, मग दुसऱ्यानं पुढची. प्रणोतीनं मधला एक कारागीर काढून टाकला होता. तिचा अंदाज असा, की आवरण तेवढं होणार नाही, बाकी जंतू धडधाकट राहील. आवरण काही त्याच्या जगण्यामरण्याचा प्रश्न नाही, थंडीतल्या शालीसारखं ते, नसलं तरी चालतं. प्रत्यक्षात जंतू वेडेवाकडे फुगले, कोणी भोपळ्यासारखा, कोणी मधेच वाकलेला, आणि बरेचसे फुटून गेले. त्यांच्या आवरणाखाली जी खरी भिंत असते तीच कमकुवत झाली होती. तिला तर प्रणोतीनं हातही लावला नव्हता.

दिवाळीच्या आधीच्या सोमवारी तिचं काम तपासायला समिती बसणार होती. यामागचं कारण सांगता आलं नाही तर विषय बंद, दोन वर्षं पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं किंवा सोडून द्यायचं. हे सांगताना ती रडायला लागली, आणि हेमलताबाईंना पहिल्यांदा कळलं की साखर गमतीची गोष्ट नाही.

जंतूंचं त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं. पण प्रणोतीच्या गाईड चौकसे मॅडम माणूस होत्या, आणि माणसाचं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बेसनाचे लाडू वळले. उरलेल्या दोन डब्यांतला बरा डबा काढला. प्रणोती म्हणाली, "आई, मॅडमला हे असलं पसंत नाही. काहून पाठवून राहिली तू?" हेमलताबाईंनी तिच्या पाठीमागे नीलकंठरावांना स्कूटरवरून पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी प्रणोतीनं डबा परत आणला. घासलेला, पुसलेला, झाकण नीट बसवलेलं. हेमलताबाईंनी तो हलवून पाहिला. मग उघडला. मग तळाशी चिटोरं वगैरे आहे का ते पाहिलं. आत काहीच नव्हतं, साखरेचा दाणासुद्धा.

त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या अख्ख्या आयुष्यात कोणी त्यांना डबा रिकामा परत केला नव्हता. ज्यांच्याशी कायमचं तुटलं त्यांनीसुद्धा निदान गुळाचा खडा घालून तोडलं होतं. नीलकंठराव पेपर वाचत होते, त्यांना त्या म्हणाल्या, "पोरीचं संपलं. मॅडमनं ठरवून टाकलं." नीलकंठरावांनी विचारलं, कशावरून. त्यांनी डबा उलटा करून दाखवला. नीलकंठराव जन्मापासून जबलपुरात, पण घरात मराठीच, त्यांनाही तो डबा बघून चरकल्यासारखं झालं. मुलीला काही सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं, आणि हेमलताबाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन काय गुन्हा झाला ते विचारायचं ठरवलं.

चौकसे मॅडमच्या खोलीत त्या शिरल्या तेव्हा प्रणोती तिथेच कागद घेऊन उभी होती. हेमलताबाईंनी पिशवीतून रिकामा डबा काढून टेबलावर ठेवला आणि आपल्या हिंदीत विचारलं, की लाडू बिघडले होते का, की मुलीत काही खोट आहे, जे असेल ते साफ सांगावं. मॅडम गोंधळल्या. त्यांनी डब्याकडे पाहिलं, प्रणोतीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "आंटी जी, लड्डू तो दो दिन भी नहीं चले. डिब्बा आपका था, तो लौटा दिया. रख लेती तो आप दूसरा सामान किसमें भेजतीं?"

रीत समजावून सांगणं भाग होतं, म्हणून हेमलताबाईंनी ती मुळापासून सांगितली. आमच्यात डबा रिकामा जात नाही. म्हणून तो लवकर जातच नाही. कोणाकडे अर्धा जिन्नस तयार असतो, चिवडा झालाय पण शेव राहिलीय, मग डबा तसाच थांबतो. माझे डबे एकोणीस आणि घरात दोन. बाकीचे हरवले नाहीत, फुटले नाहीत, सगळे लोकांच्या फळीवर अर्धवट अडकलेत. नवरात्रात पनागरला माझ्या सख्ख्या भावाकडे प्रसाद पाठवायचा होता, तो जन्मात कोणाचा डबा अडकवत नाही. पण त्यालाही मिळालं नाही काही, काहून की डबाच नव्हता. हे सांगता सांगता त्यांचं हिंदी संपलं आणि शेवटचं मराठीतच निघालं. "ज्यानं काही केलं नाही त्याच्याही घरी उपास घडतो, मॅडम."

मॅडम हसू दाबत होत्या. प्रणोती मात्र हसत नव्हती. ती टेबलावरच्या डब्याकडे एकटक बघत होती. मग ती अगदी हळू म्हणाली, "मॅडम, कैरियर. कैरियर अटक गए हैं."

मॅडमचं हसू थांबलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला, आणि मग दोघी हेमलताबाईंना विसरूनच गेल्या. फळ्यावर रेघा उमटू लागल्या. हेमलताबाईंना त्यातलं जेवढं कळलं ते असं. जंतूच्या आत साखर तयार होते, पण लागते बाहेर. मध्ये तेलकट पडदा. त्या पडद्यातून साखर पलीकडे नेण्यासाठी तेलकट अंगाचे छोटे वाहक असतात, तेच ते कैरियर. आतल्या बाजूला वाहकावर साखरेचे तुकडे एकामागून एक चढवायचे, भार पुरा झाला की त्याला पलीकडे उलटवायचं, बाहेर भार उतरवून घ्यायचा आणि वाहक रिकामा परत. असे वाहक मोजकेच, आणि शालीला व भिंतीला तेच लागतात. प्रणोतीनं शालीचा मधला कारागीर काढला, त्यामुळे अर्धा भार चढलेले वाहक तसेच पडद्यात अडकून बसले. भिंतीच्या विटा आत तयार होत्या, पण न्यायला कोणी मोकळं नव्हतं. म्हणून भिंत ढासळली.

"म्हणजे तुमच्या जंतूंत पण आमच्यासारखीच रीत आहे का?" हेमलताबाईंनी विचारलं.

"नाही आई," प्रणोती म्हणाली. "त्यांच्यात रिकामा परत आला तरच घर चालतं."

मॅडम म्हणाल्या, की दुसऱ्या एका जंतूत बाहेरच्या लोकांना असं दिसलेलं आहे, पण आपल्या जंतूत कोणी पाहिलेलं नाही, आणि नुसत्या बोलण्यावर समिती मानणार नाही. संध्याकाळी घरी प्रणोतीनं आईला ओट्याजवळ गाठलं आणि वही उघडून विचारलं, डबे संपले की तू काय करते? आयुष्यात प्रथमच कोणी आपल्याला वही घेऊन काही विचारतंय हे पाहून हेमलताबाईंनी पदर सावरला. त्या म्हणाल्या, दोनच उपाय. एक तर नवे डबे आणायचे. नाही तर तो जिन्नस करायलाच घ्यायचा नाही, म्हणजे डबा अडकायचा प्रश्नच नाही. प्रणोतीनं दोन्ही लिहून घेतलं. पुढचे दहा दिवस प्रयोगशाळेत तेच दोन प्रयोग झाले. एका जंतूला जास्तीचे वाहक बनवायला लावलं. दुसऱ्यात शालीच्या रांगेतला अगदी पहिलाच कारागीर काढला, म्हणजे वाहकावर शालीचा भार चढणारच नाही. हेमलताबाई रोज विचारत, "सरळ झाले का गं?" आणि रोज देवाजवळ, त्याला कितपत कळेल याची शंका असूनही, जंतूंसाठी वेगळी फुलवात लावत.

एका दुपारी फोन आला. दोन्हीकडचे जंतू सरळ झाले होते, नव्या काडेपेटीतल्या काड्यांसारखे. हेमलताबाई खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या.

सोमवारी समितीसमोर प्रणोतीनं वाहक दाखवायला डब्याचंच चित्र काढलं, आणि घाईत त्यावर 'हे. नी. टें.' हेही काढलं गेलं. काम पुढे चालू ठेवायला एकमतानं मंजुरी मिळाली. समितीतले एक वयस्कर मराठी सर मात्र ते चित्र पडद्यावर असेपर्यंत खुर्चीत चुळबुळत होते. त्याच संध्याकाळी त्यांच्या घरून हेमलताबाईंचा चौकोनी डबा परत आला. आत मूठभर साखर होती.

मॅडमसाठी पेढे, गल्लीसाठी पेढे, त्या दोन मधुमेही गृहस्थांसाठी फुटाणे असं सगळं वाटून झाल्यावर प्रणोती स्टूल घेऊन कपाटापाशी गेली आणि वरच्या खणातलं गाठोडं काढून तिनं आईच्या पुढ्यात ठेवलं. हेमलताबाई म्हणाल्या, की यंदा अनारसे जमतील, तांदूळ चांगले भिजलेत, जमले की पाठवते.

"मला आत्याला दाखवायचं आहे माझं काम," प्रणोती म्हणाली. "शाळेतल्या मायक्रोस्कोपमधून दह्यातले जंतू तिनंच मला दाखवले होते. मी सातवीत होती. सात वर्षं झाली आई, तू नाही गेली, तर मी पण नाही गेली."

बेबीताई शाळेत जीवशास्त्र शिकवत, हे हेमलताबाई विसरल्या नव्हत्या. पण आपण डबा अडकवला तेव्हा त्याच्याबरोबर काय काय अडकून पडलं, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं. एकोणीस डब्यांच्या मागे दारोदार फिरणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातला विसावा डबा दिसला नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला त्यांनी उगीच ओटा पुसायला घेतला.

भाऊबीजेच्या सकाळी त्यांनी तरीही एक घाणा टाकून पाहिलाच. अनारसे हसले. हेमलताबाईंनी गॅस बंद केला, बेबीताईंचा डबा चिंचेनं लख्ख घासला, पुसला आणि रिकामा पिशवीत ठेवला. ओमतीपर्यंतच्या रिक्षात त्या तो दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या, वजन नसलेली वस्तू धरायला जास्तच जड जाते म्हणून. नीलकंठराव आणि प्रणोती पुढे झाले, त्या मागे.

दार बेबीताईंनी उघडलं. बऱ्याच म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी भावाकडे पाहिलं, भाचीच्या गालावरून हात फिरवला, आणि मग हेमलताबाईंकडे बघत राहिल्या. हेमलताबाईंनी डबा पुढे केला. बेबीताईंनी नाव वाचलं, हलवून पाहिला, झाकण काढलं.

"रिकामाच?"

"रिकामाच, ताई. अनारसे नाही जमत मला. नऊ वर्षं करून राहिली, नाही जमत."

बेबीताईंनी झाकण परत लावलं. "बरं केलंस," त्या म्हणाल्या. "भरून आणला असता तर मला पुन्हा काही करावं लागलं असतं. या गुडघ्यांनी मला ओट्याशी उभं नाही राहता येत आता."

त्या आत गेल्या. फळीवर डबे उतरत्या रांगेत मांडलेले होते, आणि मधे एका डब्याएवढी जागा मोकळी होती. बेबीताईंनी तो तिथे सरकवला. हेमलताबाई दारातून ते बघत होत्या. मग आत येऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं. बाहेर ओवाळणी झाली. मग प्रणोती आत्याच्या पायाशी बसून सांगू लागली, आणि बेबीताई मधे मधे थांबवून असे प्रश्न विचारत होत्या की समितीतल्या कोणालाही सुचले नव्हते. दोन तास गेले. नीलकंठराव खुर्चीतच झोपले.

निघताना बेबीताईंनी तोच डबा परत फळीवरून काढला, आत काहीतरी भरलं आणि हेमलताबाईंच्या हातात दिला. हेमलताबाईंनी झाकण उचलून पाहिलं. अनारसे होते.

"विकतचे आहेत," बेबीताई म्हणाल्या. "तीन वर्षांपासून विकतचेच आणून राहिले मी. कोणाला सांगू नको."

हेमलताबाईंनी एक तिथेच उभ्यानं खाल्ला. फार काही चांगला नव्हता. त्या म्हणाल्या, "ताई, डबा मी रिकामाच परत करीन हं."

"कर की," बेबीताई म्हणाल्या. "पण उद्या कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता हेमलताबाई पुन्हा ओमतीला निघाल्या. डबा घासलेला होता आणि आत काही नव्हतं.